तळ्याची पाळ आणि राज्यकर्त्यांचें लक्ष

पावसानें दगा दिला म्हणजे राजापासून रंकापर्यंत सर्वांस पाण्याची आठवण होते, आणि पाऊस पडला म्हणजे ती आठवण पहिल्या पुराबरोबर वाहून जाते. आपल्या देशाच्या इतिहासांत दुष्काळांचीं वर्णनें पुष्कळ आहेत. दुष्काळ नसलेल्या वर्षीं दुष्काळाची चिंता कोणी वाहिली, याचीं वर्णनें मात्र फार थोडीं आढळतात. वास्तविक इतिहासकारास हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटला पाहिजे. संकट दारांत उभें असतां धांवपळ करणारा राज्यकर्ता पदोपदीं भेटतो. तें दहा वर्षें लांब असतां त्याच्यासाठीं खजिन्यांतला वांटा बाजूला काढणारा विरळा. आज जगापुढें तापमानवाढीचा जो प्रश्न उभा आहे तो नेमका या जातीचा आहे. त्याचें संकट एका वर्षाचें नाहीं, एका राज्याचें नाहीं, आणि त्यावर केलेल्या खर्चाचें फळ खर्च करणाऱ्याच्याच कारकीर्दींत हातीं लागेल असाही भरंवसा नाहीं. अशा प्रश्नाकडे राज्यकर्त्यांचें लक्ष सतत कसें राहावें, याविषयीं परदेशांतील पंडितांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आमच्या नागपुराच्या पूर्वेस, वैनगंगेच्या दोन्ही अंगांस, या प्रश्नाचें एक जुनें उत्तर मातीच्या पाळींच्या रूपानें उभें आहे. त्याकडे मात्र आपण विद्वान लोक सहलीच्या दिवसापलीकडे फारसें पाहत नाहीं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे चार जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग मिळून साडेसहा ते सात हजार जुनीं तळीं आहेत. सरकारी दप्तरांत त्यांस 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, आणि हें नांव लांब पडतें म्हणून कारकून मंडळींनीं त्याचें 'मामा तलाव' असें लघुरूप केलें आहे. एवढ्या पराक्रमी वस्तूस इतकें विनोदी नांव मिळाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं. असो. वऱ्हाडच्या किंवा देशावरच्या वाचकास शंका येईल कीं, ज्या झाडीपट्टींत वर्षास हजार-बाराशें मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तेथें तळ्यांचें प्रयोजन काय? प्रयोजन धानाचें आहे. रोवणी झाल्यावर बांधींत पाणी उभें राहावें लागतें, आणि लोंब्या भरण्याच्या सुमारास, म्हणजे हस्ताच्या आगेंमागें, एक-दोन पाण्यांची जरूर असतें. आषाढ-श्रावणांत धो धो पडलेला पाऊस नेमका त्या वेळीं तोंड फिरवतो. बारा आणे पीक उभें राहून शेवटच्या पाण्यावांचून करपतें, हें या भागाचें जुनें दुःख आहे. तळें म्हणजे श्रावणाचें पाणी आश्विनापर्यंत सांभाळून ठेवणारी पेढी होय.

या पेढ्या घातल्या कोणी? तळीं बांधण्यांत आणि ऊंस पिकवण्यांत निष्णात अशी कोहळी नांवाची जात वैनगंगेच्या खोऱ्यांत आहे. चांद्याच्या एका गोंड राजानें आपल्यास काशीहून येथें आणलें, अशी त्या जातीची परंपरा आहे. रसेल आणि हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातींच्या ग्रंथांतही या जातीच्या तळीं बांधण्याच्या कौशल्याची नोंद आहे. परंपरेंतील काशी खरी असो वा नसो, तींतील राजा खरा आहे असें मानण्यास जागा आहे. चांद्याचा राजा हीरशहा याच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, जो रान तोडील त्यास तें रान आणि जो तळें बांधील त्यास तळ्याच्या पाण्यानें भिजेल तेवढी जमीन द्यावी, असा त्यानें निर्बंध घातला. अशा सवलतीच्या जमिनीस चांद्याकडे 'तुकूम' म्हणत; चंद्रपूर शहराच्या एका भागास आजही तेंच नांव आहे.

या निर्बंधाचा विचार जरा सावकाश केला पाहिजे, कारण सर्व मर्म त्यांत आहे. राजानें आपल्या खजिन्यांतून कांहीं दिलें नाहीं. जी जमीन तळ्यावांचून ओसाड होती ती त्यानें तळें बांधणाऱ्यास दिली. म्हणजे जें अस्तित्वांत नव्हतें त्याचें दान केलें. बांधणाऱ्यानें श्रम केले, पण पाळ फुटली तर त्याची स्वतःची जमीन कोरडी पडणार, म्हणून पाळीची काळजी त्याच्या मुलानातवांस वाहावी लागली. वसाहत वाढली कीं आजूबाजूच्या गांवांचा सारा वाढला, म्हणून राजासही तळें टिकण्यांत हित दिसूं लागलें. राजा दयाळू असो कीं लहरी असो, तळ्याकडे त्याचें लक्ष राहणें त्याच्या स्वभावावर अवलंबून राहिलें नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यास चांद्याचें राज्य भोसल्यांच्या हातीं गेलें. १८५३ त तिसरे रघूजी निपुत्रिक वारले व भोसल्यांचेंही राज्य गेलें. तीन राजवटी बदलल्या, पण तळ्यांच्या पाळी उभ्या राहिल्या.

नवेगांवचा बांध या सर्वांत वडील. सात डोंगरांच्या बेचक्यांत, ज्यांस लोक सातबहिणी म्हणतात, अठराव्या शतकाच्या आरंभीं तो कोलू पाटील नांवाच्या कोहळ्यानें बांधला असें सांगतात. इंग्रजी गॅझेटियरकारांनीं त्याचा घेर १७ मैलांचा दिला आहे. डोंगरांमधल्या खिंडी तेवढ्या मातीनें बुजवून निसर्गाकडूनच बहुतेक भिंत बांधून घ्यावयाची, ही त्यांतील युक्ति. पुढें लोकांनीं या कोलू पाटलास कोलासुर देव करून डोंगरावर बसवलें. ज्या समाजांत तळें बांधणारा मनुष्य देव होतो त्या समाजाचें तळ्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव कमी, एवढें आम्ही इतिहासाचे विद्यार्थी म्हणून नमूद करतों. देवत्वाचा निर्णय भाविकांनीं करावा.

एक तळें एकट्याचें नसतें. वरच्या गांवच्या तळ्याचा सांडवा वाहूं लागला कीं तें पाणी खालच्या तळ्यांत जातें, त्याचें आणखी खालच्या बोडींत. म्हणून वरच्यानें सांडवा उंच केला तर खालचा भांडावयास उठतो, आणि वरच्याची पाळ फुटली तर खालच्याचीही जाते. ही साखळी सोयरिकीपेक्षां बळकट. गांवाच्या आंतही तसेंच होतें. धान पिकवणाऱ्यास पाणी हवें, धीवरास मासे व शिंगाडे हवेत, कुंभारास माती हवी, गुरांस पाणी व कांठचें गवत हवें, आणि पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या पोटांत पीक घेणाऱ्यास तें पोट हवें. यांपैकीं कोणाचें हित दुसऱ्यासारखें नाहीं. पाणी केव्हां सोडावें याविषयीं शेतकरी व धीवर यांचें एकमत होणें कठीण. परंतु तळें असावें, याविषयीं दोघांचें एकमत. सहकार्य म्हणजे सर्वांचें मन एक होणें, असा एक भाबडा समज आपल्या व्याख्यानांतून पसरला आहे. या तळ्यांच्या कांठीं भांडणारीं माणसें होतीं. पण भांडण पाण्याच्या वांटपाचें होतें, पाळीचें नव्हे.

येथें कोणी आम्हांस सुवर्णयुगाचे भाट समजूं नये. पाळीवर माती टाकणारे हात पुष्कळदां बिगारीचे होते. मालगुजाराच्या वाड्यापुढें कुळाची मान खालीं असे. ज्याच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या तळ्यांतले मासे शिजले त्या धीवरास त्या तळ्यावर लेखी हक्क नव्हता. ही व्यवस्था टिकाऊ होती, न्याय्य नव्हती. हे दोन गुण एकत्र नांदतात अशी समजूत करून घेणें सोपें आहे. इतिहास तिला पुष्कळ ठिकाणीं खोटें पाडतो.

१८६१ त मध्यप्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. इंग्रजांनीं सारा गोळा करणाऱ्या पाटील-मालगुजारांस जमिनीचे मालक ठरवलें. त्याबरोबर गांवाच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जांत लिहून काढल्या. इंग्रजांचा हा लिहून काढण्याचा छंद आपल्यास पुष्कळदां जाचला, पण यामुळें निस्ताराचे हक्क कागदावर आले हें कबूल केलें पाहिजे. पुढें १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालचे दोन भयंकर दुष्काळ या प्रांतावर कोसळले. १९०१ त पाटबंधाऱ्यांची चौकशी करण्याकरितां सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें गेलें, आणि त्यानंतर प्रांताच्या सरकारनें मोठीं धरणें हातीं घेतलीं. दुष्काळानंतर कमिशन, कमिशननंतर अहवाल, अहवालानंतर धरण: ही परंपरा तेव्हांपासून आजपर्यंत अखंड आहे.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी गेली. १९५० च्या कायद्यान्वयें ३१ मार्च १९५१ या दिवशीं मालगुजारांचे हक्क सरकारजमा झाले, आणि त्याबरोबर तळींही. हा कायदा न्यायाचा होता, तो व्हावयासच पाहिजे होता, आणि त्यास विरोध करणाऱ्या तेव्हांच्या वाडेवाल्यांची बाजू घेण्याचा आमचा हेतु नाहीं. पण कायदा करणाऱ्यांनीं जमीन कोणाची एवढाच प्रश्न विचारला. पाळ कोणाची, हा विचारला नाहीं. मालगुजाराच्या जुलुमाबरोबर त्याचें पाळीशीं बांधलेलें हितही गेलें, आणि त्या रिकाम्या जागीं सरकार आलें. तें सरकारही स्थिर राहिलें नाहीं. १९५६ त हे जिल्हे मध्यप्रदेशांतून द्वैभाषिक मुंबई राज्यांत आले, १९६० त महाराष्ट्रांत. १९६२ त जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व लहान तळीं त्यांच्याकडे गेलीं, मोठीं पाटबंधारे खात्याकडे राहिलीं. अकरा वर्षांत इतके धनी बदलले. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांस मिळूं लागला, ही त्यांतील चांगली गोष्ट. परंतु पाण्याचें एक खातें, माशांचें दुसरें, जमिनीचें तिसरें, अशी वांटणी झाल्यावर सांडव्याचा एक दगड निसटला तर तो कोणी बसवावा, याचें उत्तर द्यावयास कोणी मोकळें राहिलें नाहीं. पोटांत गाळ भरला. कांठावर बेशरमाचीं झुडपें माजलीं. पुढें बारमाही कालवे आणि विहिरींवरचे पंप आल्यावर ज्याच्या हातीं पैसा होता त्या शेतकऱ्यानेंही तळ्याची वाट पाहणें सोडलें. पाळीवर अतिक्रमण करणारा परका नसतो, तो त्याच गांवचा असतो. कारण आतां पाळ फुटली तर त्याचें कांहीं जात नाहीं.

याच्या उलट जाणारें उदाहरण महाराष्ट्रानेंच घडवलें आहे, आणि तें लोकशाहीच्या काळांतलें आहे, म्हणून अधिक बोधक. विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ त सांगली जिल्ह्याच्या तासगांव तालुक्यांतील विसापूर भागांत, मागेल त्यास काम देण्याची एक योजना करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळानें तिला राज्यभर पसरवलें; १९७३ च्या उन्हाळ्यांत दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसें होतीं. दुष्काळ सरला. येथपर्यंतची कथा नेहमींचीच. पण या वेळीं आठवण पुराबरोबर वाहून गेली नाहीं. १९७५ त शहरांतील नोकरदार व धंदेवाल्यांवर व्यवसायकर बसला. तो आणि इतर कांहीं कर रोजगार हमीकडे वळवून, जमेल तितकीच रक्कम सरकारनेंही घालावी असें ठरलें. १९७७ त दोन्ही सभागृहांनीं एकमतानें कायदा केला, आणि २६ जानेवारी १९७९ रोजीं तो अमलांत आला. कायदा झाला तेव्हां एक मंत्रिमंडळ होतें, अमलांत आला तेव्हां दुसरें, आणि तें पहिल्यास पाडून आलेलें. तरी कायदा मेला नाहीं.

तो कां मेला नाहीं? आमच्या मतें शहरांतील पगारदार मनुष्य अचानक साधु झाला म्हणून नव्हे. १९७२ त दुष्काळी माणसांचे लोंढे शहरांत आलेले त्यानें पाहिले होते; खेड्यांत काम राहिलें तर तो लोंढा खेड्यांत राहील, हें त्यास कळत होतें. बागाईतदारास बांधबंदिस्ती व पाझर तलाव हवे होते. मजुरास मजुरी हवी होती, आणि त्याचा हक्क आतां कायद्यांत होता, कोणा मंत्र्याच्या मेहेरबानींत नव्हता. दर महिन्याच्या पगारपत्रकांत दोनशें रुपयांची व्यवसायकराची कपात पाहून नाक मुरडणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीय बांधवांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कीं या देशांत शहरानें खेड्याच्या दुष्काळासाठीं नियमित वर्गणी भरल्याचें हें फार दुर्मिळ उदाहरण आहे. पुढें या निधींतला पैसा पुष्कळदां पडून राहिला, हजेरीपटांवर खोटीं नांवें चढलीं. तें सर्व खरें. तरी २००५ त साऱ्या देशासाठीं रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हां महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशीं होता.

याच राज्यांत २०१४ च्या डिसेंबरांत जलयुक्त शिवार योजना निघाली. ओढे खोल केले, गाळ काढला, कांहीं ठिकाणीं खरोखर पाणी वाढलें, कांहीं ठिकाणीं नाल्याचा खड्डा झाला. २०१९ त सरकार बदललें, योजना बंद पडली व तिची चौकशी लागली. पुन्हा सरकार बदललें आणि २०२३ पासून तीच योजना दुसऱ्या आवृत्तींत निघाली. योजनेचे गुणदोष इंजिनिअरांनीं सांगावे. आम्हांस दिसतें तें इतकेंच कीं, एका पक्षाच्या नांवाची पाटी लागलेलें पाणी त्या पक्षाबरोबर ओसरतें. हा दोष केवळ आपला नाहीं. कर्बवायु कमी करण्याचा करार पॅरिस येथें २०१५ त सर्व राष्ट्रांनीं केला; अमेरिकेनें त्यांतून २०२० त अंग काढलें, २०२१ त परत हात दिला, आणि २०२५ त पुन्हा निघून जाण्याचा निर्णय केला. त्याच देशानें १९८७ त मॉन्ट्रियल येथें ओझोनच्या थरासाठीं केलेला करार मात्र कोणत्याही अध्यक्षाच्या काळीं मोडला नाहीं. त्या करारांत कारखानदारांस नवीं द्रव्यें विकावयाचीं होतीं, गरीब राष्ट्रांस निधि मिळावयाचा होता, बाहेर राहणाऱ्याचा व्यापार अडणार होता. हीरशहाच्या तुकुमाशीं त्याचें नातें आमच्या सिद्धांतप्रेमी मित्रांनीं मान्य करावें कीं नाहीं हें त्यांच्याकडे सोपवतों.

झाडीपट्टीची ही चिंता नागपूरकरांस परकी वाटत असेल, तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट त्यांनीं आठवावी. कांहीं तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तळें ओसंडलें, नाग नदी वस्त्यांत शिरली, माणसें दगावलीं. अंबाझरी हेंही एक जुनें तळेंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ त दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले. म्हणजे पाऊस एकदम पडणार आणि मध्यें दीर्घ खंड घेणार. अशा पावसास सांडवा मोकळा असलेलें तळें हेंच जुनें औषध. पुरानंतर महिनाभर शहरांत सांडव्याशिवाय विषय नव्हता. त्यानंतर दिवाळी आली.

गडचिरोलींतील मेंढा (लेखा) या गोंड खेड्यानें २००९ त देशांत प्रथम सामूहिक वनहक्क मिळवला, सुमारें १८०० हेक्टर जंगलावर. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांनीं तेथें बहुमतानें निर्णय न करतां सर्वसहमतीनें करण्याची शिस्त रुजली. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढें ढकलून त्याचा अभ्यास करावयाचा. बहुमताचा निर्णय पुढच्या बहुमतानें फिरतो, सर्वांनीं मिळून केलेला फिरवावयास कोणी उरत नाहीं. ही गोष्ट ऐकून शहरी मंडळींस ती संथ वाटते. २०११ त या गांवास आपला बांबू आपण विकण्याचा परवाना मिळाला, तो याच संथपणानें.

तळ्यांच्या बाबतींतही असें एक काम गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगांवाकडे चाललें आहे. भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी धीवरांच्या संस्थांबरोबर जुनीं तळीं हातीं घेतात. बेशरम मुळासकट उपटतात, उन्हाळ्यांत पोटाचे कांहीं भाग नांगरून घेतात, आणि पावसाच्या तोंडावर देवधानासारख्या देशी पाणवनस्पति लावतात; त्यांच्या आसऱ्यानें देशी मासे व पांखरें परततात. कोणती वनस्पति कोणत्या माशाच्या उपयोगाची, हें त्यांस धीवरांनींच सांगितलें. विद्यापीठाच्या पुस्तकांत तें नव्हतें. कामांत बायका पुढें आहेत, आणि ज्या ग्रामसभेंत पूर्वीं त्यांचें नांव हजेरीपुरतें असे तेथें त्या आतां तळ्याचा हिशेब विचारतात. मासे वाढले म्हणून ठेकेदार संस्थेचा पाळीवर डोळा राहतो. पाळ राहिली म्हणून खालच्या बांधीस आश्विनांत पाणी मिळतें. मोरी दुरुस्त करणें, सांडव्याचे दगड बसवणें आणि अतिक्रमण उठवणें मात्र त्यांच्या हातांत नाहीं. तें अजून खात्यांकडे आहे.